सुमनताईंची रिकामं बसण्याची तालीम

सुमनताई बिरादार एकदा दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. डॉक्टर दाढ काढत होते आणि ताई तोंड उघडं ठेवून बाजूच्या ट्रेमधल्या कापसाचे एकसारखे बोळे वळत होत्या. दाढ निघाली तोवर पुढच्या चार-पाच पेशंटांची सोय झाली होती. "बसल्याबसल्या होतंय की," त्या सुजलेल्या गालाने म्हणाल्या.

रिकामे हात त्यांना बघवतच नाहीत. बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईच्या पिशवीतली गोंगुऱ्याची भाजी त्या खुशाल निवडायला घेतात. तिचा स्टॉप येईपर्यंत देठ एकीकडे, पाला एकीकडे. एका लग्नाला आम्ही मुलाकडचे म्हणून गेलो, तर ताई पंगतीत वाढताना सापडल्या. मुलीच्या बापाने त्यांना जाताना बक्षिसी देऊ केली.

गौलीगुड्यात त्या आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. ऑफिसातही आम्ही शेजारीच. सुलतान बाजारजवळच्या एका सरकारी कचेरीत जन्ममृत्यूचे दाखले द्यायच्या दोन खिडक्या आहेत. एकीत मी, दुसरीत त्या. काम तेच, शिक्का तोच, डोक्यावर कुरकुरणारा पंखाही तोच. फरक एवढाच की मी पर्मनंट आणि त्या कॉन्ट्रॅक्टवर, म्हणून पगार माझ्या निम्म्याहून कमी. शिवाय माझ्या खिडकीसमोरची रांग हळूहळू त्यांच्याकडे सरकते. मी तिला कधी अडवलं नाही.

त्यांचा मुलगा निखिल कॉम्प्युटरमधला, शहराच्या दुसऱ्या टोकाला कुकटपल्लीला राहतो. मुलगा गुणी आहे. बाराव्या मजल्यावर घर, स्वयंपाकाला बाई, भांड्यांना मशीन, फरशी पुसायला एक चकती आहे तीसुद्धा आपली आपण फिरते. यंदा त्याने निर्वाणीचं सांगितलं, "आई, एक तर त्यांनी तुला खालच्या काकांएवढा पगार द्यावा, नाहीतर नोकरी सोड आणि इकडे येऊन आरामात बस." आरामात बस, हे ऐकून ताईंना दोन दिवस अन्न गेलं नाही.

कॉन्ट्रॅक्टवाल्यांनी मिळून अर्ज केलेलाच होता: समान काम, समान वेतन. त्यावर वरून उत्तर आलं की एक साहेब दिवसभर येऊन बसतील आणि काम खरंच समान आहे का ते डोळ्यांनी बघतील. युनियनचे नरसिंगराव ताईंपुढे हात जोडून म्हणाले, "अम्मा, उस दिन ज्यादा काम नक्को. ज्यादा करे तो बोलेंगे काम अलग है. ये साब जितना करते, उतनाच करो." ये साब म्हणजे मी.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला प्रथमच कुणी आदर्श म्हणून दाखवलं. त्याच संध्याकाळी आमच्या घरी शिकवणी सुरू झाली. पहिला धडा, फाइल उघडून खिडकीबाहेर बघणे. दुसरा, चहाला जाताना चष्मा टेबलावर ठेवून जाणे, म्हणजे माणूस इथेच कुठेतरी आहे असं वाटतं. मग सर्वांत अवघड धडा, चेहऱ्यावर हळहळ आणून 'सर्व्हर डाउन है, कल आव' म्हणणे.

"पण भाऊजी, सर्व्हर चालू असला तर?"

"ताई, ते बघायला गेलं तर कळणार ना."

मग त्यांना गॅलरीत खुर्चीवर बसवलं आणि पाव तास काहीही करायचं नाही म्हणून बजावलं. परत येऊन बघतो तो चेहरा अगदी पर्मनंट, पण खुर्चीखाली घरातला सगळा लसूण सोलून पडलेला. दुसऱ्या दिवशी उशांचे अभ्रे शिवून झाले. माझी बायको मालती मला बाजूला घेऊन म्हणाली, "घाई करू नका हो, सावकाश शिकू द्या त्यांना."

साहेब आले त्या दिवशी ताई फाइल उघडून बाजूच्या खिडकीबाहेर बघत बसल्या. बाहेर नुसती भिंत आहे, तरी त्यांनी ती तासभर मन लावून बघितली. माझा ऊर भरून आला. तेवढ्यात एक म्हातारी आली. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा होता, हातातला कागद घामाने मऊ झालेला. मी नेमाप्रमाणे म्हणालो, "सर्व्हर डाउन है अम्मा, कल आव." ती वळली. वळायची तिला सवय असावी.

"इदर आव अम्मा," ताई म्हणाल्या.

त्यांनी तिला दाखला दिला, पाणी दिलं, बसचा नंबर सांगितला. मग काय, सगळी रांगच तिकडे लोटली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ताईंनी आपली रांग संपवली, माझी संपवली आणि साहेबांच्या फाइलची सुटलेली नाडीही नीट बांधून दिली.

महिन्याभराने अहवाल आला. 'दोन्ही कर्मचाऱ्यांचे काम समान असल्याचे आढळून आले नाही. सबब समान वेतनाचा प्रश्न उद्भवत नाही.' जास्त कुणाचं, हे लिहिलेलं नव्हतं. वाचून मला आधी हसू आलं, मग त्या हसण्याचीच लाज वाटली.

संध्याकाळी वर गेलो तर ताई दिवा न लावता बसल्या होत्या.

"एवढा एक दिवस दम धरायचा होता, ताई," मी चिडून म्हणालो.

"धरला होता की हो. पण ती बाई वळली, आणि मला राहवेना." मग त्या म्हणाल्या, "निखिलकडे सगळे मायेचे आहेत, भाऊजी. पण तिथं माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. इथं सकाळपासून कुणीतरी अम्मा म्हणून वाट बघत उभं असतं. हात थांबले ना, की हे गेलेत ते नव्याने कळतं."

एवढ्यात निखिलचा फोन आला. त्यांनी स्पीकर लावला.

"आई, आला का रिपोर्ट? काय म्हणतायत?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. या बाईने आजवर एकही खोटा दाखला दिलेला नाही.

"आला की," त्या म्हणाल्या. "दिला रे बाबा त्यांनी. काकांएवढाच."

मग तो म्हणाला, "काका आहेत ना तिथे? त्यांना दे बरं फोन."

मी फोन घेतला. "खरं आहे रे," मी म्हणालो. "साहेब स्वतः दिवसभर बसून बघून गेले. तुझी आई आणि मी आता अगदी सारखे."

"मग राहू दे तिला तिथेच," निखिल म्हणाला.

ताई माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, आणि बराच वेळ वळल्या नाहीत.