ओढ्याकाठचा अर्धा कोयता

आमच्या गयाआत्यानं आजवर एकाही पाहुण्याला त्याच्या मनाच्या जागेवर तंबू ठोकू दिलेला नाही. एकालाही नाही. पुण्याचा साहेब असो, नगरचा डॉक्टर असो, नाहीतर हिमालय चढून आलेला कुणी दाढीवाला असो. आत्या कमरेवर हात ठेवून लांबून बघत राहते. तंबू पुरता उभा राहिला, शेवटची खुंटी ठोकून झाली, घाम पुसून झाला, की मग ही जवळ जाते आणि म्हणते, "हितं न्हाई. तितं."

"अगं, मग आधीच सांगायचं ना!" एकदा वैतागून मी म्हणालो.

"आधी सांगितलं की का म्हून इचारत्यात. घाम गेल्यावर कोन काय इचारत न्हाई."

हे खरं आहे. आजवर कुणी विचारलेलं नाही. मुकाट्यानं खुंट्या उपटतात आणि तिकडं जातात.

मी नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत बारा वर्षं लेथ चालवला. मग एक दिवस मशीनच्या आवाजाला कंटाळून गावी आलो. आमचं गाव पाथर्डीच्या डोंगरात. गावाबाहेर आमचा एक तुकडा आहे, ज्यात माझ्या आज्यालाही कधी काही पिकवता आलं नाही. एका अंगाला तांबडी दरड, अशी तांबडी की संध्याकाळचं ऊन पडलं की बघणाराच्या तोंडावरही रंग येतो. दरडीच्या पायथ्याशी ओढा, आणि ओढ्यावर करंज, जांभूळ, उंबर यांची एवढी गर्दी की भर दुपारी थंड वाटावं. मी तिथं तंबूंचा कॅम्प काढतो म्हटल्यावर पारावरचे लोक हसले. "ओढ्यात झोपायला कोण येणार रे, सुधाकर?" आता तेच लोक शनिवारी गाड्या मोजत बसतात! मी स्वतःच्या हातानं 'रेड रॉक कॅम्प' असा बोर्ड रंगवला. आत्या त्याला 'तळ' म्हणते. ऊसतोडीला गेलेली टोळी जिथं मुक्काम टाकते, तो तळ. मी चार वर्षं बोर्ड दाखवतोय. ती बघते, मान डोलावते आणि म्हणते, "चल, तळावर जाऊ."

दसरा झाला की आमच्या गावातली निम्मी माणसं ट्रकमध्ये अंथरूण टाकून कारखान्यांकडं जातात, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, राहायला. आणि त्याच आठवड्यात शहरातली माणसं मोटारीतून आमच्याकडं येतात, कापडाच्या कोपीत राहायला. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. आत्याला यात काही वावगं वाटत नाही. "आपल्याला जमतंय ते बगून त्यांना बी वाटतं," एवढंच ती म्हणते.

तिला जमतं म्हणजे काय, तर तिच्याएवढं कुणालाच जमत नाही. आत्या माझ्या वडिलांची सख्खी बहीण. मूलबाळ नाही. वीस-बावीस हंगाम तिनं ऊस तोडला, म्हणजे वीस-बावीस हिवाळे उघड्यावर संसार केला. टोळीत तिचा शब्द शेवटचा होता. ट्रकमधून उतरली की चपला काढून रानातून एक चक्कर मारायची, चिमूटभर माती वर उडवायची आणि सांगायची कुणी कुठं कोपी घालायची. तिच्या सांगण्यानं घातलेली कोपी कधी उडाली नाही की गळली नाही.

मालक झालो आणि मी हे विसरलो. पहिल्याच वर्षी एक नवाकोरा केशरी तंबू मी ओढ्याशेजारच्या सपाट खडकावर लावला. आत्या आली. "हितं न्हाई."

"अगं, फोटोला बरा दिसतो."

"मग फोटू काढ अन तितं ने."

मी नेला नाही. मालक ना मी! दुपारी तीनच्या सुमारास दरडीवरून एक वावटळ उतरली आणि माझा तंबू सगळ्या पाहुण्यांच्या देखत उठला, ओढा ओलांडला आणि जांभळाच्या शेंड्यावर जाऊन बसला. मी शिडी आणायला निघालो तर आत्यानं मला अडवलं. तीन दिवस तिनं तो तिथंच ठेवला. येणाऱ्या प्रत्येकाला बोटानं दाखवायची, "त्यो मालकाचा."

प्रत्येक पाहुण्याला ती हात जोडून "जयभीम" करते. कुणी जयभीम म्हणतं, कुणी नमस्कार, कुणी गुड मॉर्निंग. एक जण गोंधळून थँक्यू म्हणाला. आत्याला सगळं चालतं. तिचं स्वतःचं घर म्हणजे तळाच्या मधोमध तिनं नेवाशाकडून पाचट मागवून घातलेली कोपी. आत बाबासाहेबांची तसबीर, दोन पत्र्याच्या पेट्या, शेणानं सारवलेली जमीन. मी तिला खोली बांधून देत होतो. "भिंतीला वारं कळत न्हाई," म्हणाली.

आणि तिची मोजणी! संध्याकाळी स्वयंपाकाला लागण्याआधी माझी बायको मंगल विचारते, "आत्या, किती माणसं?" आत्या कधीही माणसं सांगत नाही. "पाच कोयते, दोन अर्धे, तीन बारकी," असं सांगते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हा मुकादमांचा हिशेब, आणि आत्याच्या डोक्यातून तो जात नाही. कॉलेजची सहा पोरं आली की सहा अर्धे. एकदा नगरचे एक डॉक्टर आणि त्यांच्या मिसेस तंबू लावता लावता कडाकडा भांडत होते. आत्या मंगलला ओरडून म्हणाली, "ह्यो एक कोयता धर." डॉक्टरांनी अर्थ विचारला. मी सांगितला. ते बायकोकडं वळून म्हणाले, "ऐकलंस? आपण दोघं मिळून एक." बाई हसायला लागल्या, आणि भांडण तिथंच राहिलं.

असा सगळा माझा आनंदीआनंद चालला होता. कॅम्प सुरू केला तेव्हा आत्याला मी सांगितलं होतं, "आत्या, कोयता खाली ठेव. आता तू माझी मॅनेजर." चार लोक जमले की मी ही गोष्ट सांगतोच. आत्याला मी उसातून बाहेर काढलं, अशी. सांगताना माझी छाती किती फुगते ते मंगलला विचारा.

कॅम्पवर माझा एकच नियम होता. एकट्या बाईला मुक्काम नाही. उगाच उद्या काही झालं तर निस्तरायचं कुणी? एकदा मोटरसायकलवर आलेल्या एका मुलीला मी रस्त्यावरूनच परत पाठवलं होतं. आत्याला पत्ता लागू दिला नव्हता.

गेल्या जानेवारीत एक बाई आल्या. निर्मलाबाई, नगरच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. फाट्यावर एसटीतून उतरून सॅक पाठीला लावून दुपारी चारला चालत आल्या. फोनवर त्यांनी दोन माणसं सांगितली होती.

"दुसरे मागून येतायत का?" मी विचारलं.

"दुसरं कुणी नाही. एक सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. आधी तीन ठिकाणी ऐकून घेतलंय मी."

मी शक्य तितक्या गोड आवाजात नियम सांगितला, सहाची बस मिळेल म्हणालो. बाई सॅकचे पट्टे पुन्हा आवळायला लागल्या. तेवढ्यात आत्या आली.

"जयभीम. ह्या कोन?"

"अर्धा कोयता आहे, आत्या," मी तिच्याच भाषेत हळूच म्हणालो. "परत पाठवतोय."

तोंडातून शब्द गेला आणि आत्याचा चेहराच पालटला. इतक्या वर्षांत तिनं मला कधी दटावलंसुद्धा नव्हतं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय म्हनलास? परत बोल."

मी दोन पावलं मागं सरकलो.

"तुजा मामा गेला त्या साली ट्रक आला आपल्या येशीत," आत्या म्हणाली. मामा म्हणजे तिचा नवरा. "समद्यांची अंथरुनं चढली. माजं बी चढलं. मुकादमानं बगितलं, अन वरनं माजं अंथरून खाली टाकलं. अर्धा कोयता घेत न्हाई म्हनला. समद्या गावासमोर, सुध्या! धुरळ्यात पडलं माजं अंथरून. अन मी ते उचलीत हुते तवा आनखी एक अंथरून पडलं माज्या शेजारी. शेवगावकडची साळू. तिचा बी दादला गेल्ता, ट्रक तिला वाटंत घेऊन आल्ता, अन आता तिला बी उतरवली."

"मग?" हे निर्मलाबाईंनी विचारलं.

"मग काय! मी तिच्याकडं बगितलं, तिनं माज्याकडं. मुकादमाला म्हनलं, आमी दोगी मिळून एक. धर आता कोयता. त्याला न्हाई म्हनता आलं न्हाई. अकरा हंगाम तोडला आमी. टोळीत आमच्या पुडं एक बी जोडी न्हवती, कुना नवरा-बायकुची बिशाद न्हवती." आत्यानं मान ताठ केली. मग माझ्याकडं वळली. "ह्या बाईला घालवायचं आसंल तर माजी बी पेटी बाहेर काढ. मी बी अर्धाच कोयता हाय."

मी दुसरा कुणी नसेन, पण लेथवरचा माणूस आहे. माप चुकलं की मला कळतं. मी बाईंची सॅक उचलली आणि विचारलं, "आत्या, तंबू कुठं लावू?"

"तंबू कशाला? माज्या कोपीत ऱ्हातील."

आणि बाई राहिल्या. संध्याकाळी दोघी ओढ्यात पाय सोडून बसल्या होत्या. बाई दरडीचे थर दाखवून कुठल्या काळातला कुठला दगड ते सांगत होत्या आणि आत्या त्यांना त्यातला कुठला दगड चुलीला चालतो ते सांगत होती. मंगल मला म्हणाली, "आता परत सांगाल एकट्या बाईला नाही?" मी म्हणालो, "बोर्डवरच लिहितो, अर्धे कोयते चालतात." आणि दुसऱ्या दिवशी खरंच लिहिलं. अशी आत्या माझी आहे, हे मला त्या संध्याकाळी गावभर ओरडून सांगावंसं वाटत होतं.

सकाळी चहाला आम्ही चौघं कोपीसमोर बसलो होतो. निर्मलाबाईंनी अगदी सहज विचारलं, "आणि त्या साळूबाई? त्या आता कुठं असतात?"

आत्याच्या जोडीला कोण होतं आणि तिचं पुढं काय झालं, हे चार वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. आत्यानं कप खाली ठेवला. उठली, शेजारच्या तंबूची नीट बसलेली खुंटी उपटून पुन्हा ठोकली, परत येऊन बसली.

"असती तिच्या गावाला. लोकांच्या रानात खुरपायला जाती."

"ऊसतोडीला जात नाहीत?"

"कशी जाईल?" आत्या म्हणाली. "मी हितं आले अन ती अर्धी झाली. मुकादमानं न्हाई घेतली. दुसरी अर्धी कुठनं आनंल ती ह्या वयात?"

म्हणजे ज्या गोष्टीची मी चार वर्षं फुशारकी मारत होतो, ती अशी होती. आत्याला मी ट्रकमधून उतरवलं, आणि तिकडं शेवगावकडं दुसरं एक अंथरूण खाली पडलं. आणि माझ्या आनंदावर विरजण नको म्हणून आत्या चार वर्षं मला एका शब्दानं बोलली नाही.

"तू फोन का नाही केलास तिला?"

"कोनत्या तोंडानं करू?" असं म्हणून तिनं कमरेची चंची सोडली. पानतंबाखूच्या तळाशी घडी घालून घालून चिरलेला एक कागद होता. त्यावर नंबर. साळूच्या नातवानं निरोपाच्या दिवशी लिहून दिलेला.

मी नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाईल आत्याच्या हातात दिला. सगळ्या जगाला जागा दाखवणारी माझी आत्या मोबाईल दोन्ही हातांत धरून त्याच्याकडं बघत बसली.

"कोन?" पलीकडून आवाज आला. "कोन बोलतंय? ठिवू का?"

"मी हाय," आत्या म्हणाली.

पलीकडं कुठंतरी शेळी ओरडत होती.

"चार वर्सांनी?"

"व्हय."

"मेले असते तर कुनाला केला असतास फोन?"

आत्यानं पदर तोंडाला लावला. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. तिला असं मी मामा गेला तेव्हाही बघितलं नव्हतं. निर्मलाबाई ओढ्याकडं बघत होत्या, मंगल चुलीकडं.

"जेवलीस का?" साळूनं विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"चा झाला." आत्यानं नाक पुसलं. "तू ये हिकडं."

"मी येऊन काय करू? गुडगे गेलेत माजे. तोडनी न्हाई जमायची आता."

"तोडायचं न्हाई काय. बसून ऱ्हायाचं. हितं मान्सं समदी चुकीच्या जागंवर तंबू लावत्यात. मला एकटीला पुरं पडंना झालंय."

"अन मला कोन आननार?"

"सुध्या यायलाय गाडी घेऊन," आत्या म्हणाली. "अंथरून बांधून ठिव. ह्या गाडीतनं कोन खाली टाकत न्हाई."

मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी टेम्पोची किल्ली आणायला पळालो.