वडशाच्या विमानाचं दार

"फक्त दार?" लटारूभाऊंनी विचारलं आणि खुर्शीदमियांचा रंधा फळीवर जागच्या जागी थांबला.

वडशात नाटकांचा हंगाम तोंडावर आला होता. लटारूभाऊ नाटक मंडळीचे मालक आणि खुर्शीदमिया त्या मंडळीचे सुतार, रंगारी आणि वेळ पडली तर पडदा ओढणारेसुद्धा. त्यांची लेक आफ्रीन बंगलोरला विमानाच्या कंपनीत इंजिनियर होती. ती कंपनी बड्या शेठ लोकांसाठी बिझनेस जेट बनवत होती, मधे कुठेही न उतरता दिल्लीहून थेट न्यूयॉर्क गाठणारं. "माही पोरगी विमान बनवून राह्यली," हे खुर्शीदमियांनी अख्ख्या बाजारपेठेला ऐकवून झालं होतं. पण लटारूभाऊ पडले चौकस. त्यांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा निघालं की आफ्रीनच्या वाट्याला त्या विमानाचं दार आलं आहे.

"दार तं माह्या कोंबड्यायच्या खुराड्यालेबी हाय," लटारूभाऊ म्हणाले आणि सगळी मंडळी खो खो हसली.

बाप सगळं सोसतो, पण लेकीच्या कामाला हसलेलं सोसत नाही. खुर्शीदमियांनी घरी येऊन तडक बंगलोरला फोन लावला.

"अब्बा, दारच तं सगळ्यात कठीन," आफ्रीन हसून म्हणाली. "वर हवा पातळ राह्यते, म्हून आत भरून ठेवा लागते. त्या हवेनं दार उडू नाई म्हून आमचं दार चौकटीपेक्षा मोठं हाय. आत उघडते. आतून जितकं रेटाल तितकं घट्ट बसते."

"आन् आवाज?"

"आतला बाहेर नाई, बाहेरचा आत नाई. आत कुजबुजलं तरी आतल्यायले आयकू येते."

झालं! यंदाच्या नाटकात परदेशात गबर झालेला मुलगा स्वतःच्या विमानाने आईला भेटायला येतो, असा प्रवेश होताच. लटारूभाऊ ते विमान पडद्यावर रंगवणार होते. "पडद्यावर नाई, विमान उभंच करतो," खुर्शीदमियांनी सांगितलं आणि कामाला लागले. बांबूच्या फासळ्या, त्यावर प्लायवूड, अंडाकृती खिडक्या, ट्रकात मावावेत म्हणून बिजागरीवर दुमडणारे पंख. आवाज अडावा म्हणून आतून जुन्या गाद्या ठोकल्या. गुदमरू नये म्हणून शेपटीत टेबलफॅन बसवला. आणि दार मात्र अस्सल सागवानाचं, चौकटीपेक्षा मोठं, आत उघडणारं. पांढरा रंग वाळल्यावर खुर्शीदमिया स्वतःच त्याच्याकडे पाहून लाजले, इतकं ते देखणं झालं होतं.

पहिला प्रयोग आंबेटोल्याच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतर भरणाऱ्या गावजत्रेत होता. आफ्रीन मुद्दाम रजा काढून आली होती.

आता झाडीपट्टीत नाटक म्हटलं की आधी उद्घाटन. पोस्टरवर नटांपेक्षा पाहुण्यांचेच फोटो जास्त. अध्यक्ष, उद्घाटक, सहउद्घाटक, दीपप्रज्वलक, विशेष अतिथी, एकेक जण बोलून पुढच्या गावच्या उद्घाटनाला पसार होतो आणि इकडे पडदा उघडेपर्यंत प्रेक्षकांची अर्धी लेकरं झोपी जातात. लटारूभाऊंच्या डोक्यात किडा वळवळला. पाहुण्यांना विमानातूनच उतरवायचं! पाहुणे खूश झाले. बोलावलेले चढले, न बोलावलेलेही चढले. आत आधीच बसलेला नाटकाचा हिरो पियुष शेपटीत टेबलफॅनला चिकटला.

पडदा उघडला. ऑर्गन वाजला, धूर निघाला, टाळ्या पडल्या. दार काही उघडेना.

खिडक्यांतून दिसत होतं ते असं, की प्रत्येकाला सगळ्यांच्या आधी उतरायचं होतं. हार घातलेले अध्यक्ष दाराला खांदा लावून उभे, त्यांच्या पाठीवर सहउद्घाटक, त्यांच्या पाठीवर बाकीचे. तोंडं उघडत होती, मिटत होती, पण आवाजाचं नाव नाही. खुर्शीदमियांनी बाहेरून रेटून पाहिलं. दार तसूभर हललं नाही. लेकीचं नाव वर काढायला निघालेला बाप भर मंडईत घामाघूम झाला.

आफ्रीन स्टेजवर धावत आली. "अब्बा, फुकट नका ढकलू. आतल्यायले मांगं सरकाले सांगा."

"पुढाऱ्याले मांगं सरक म्हनू? आन् त्यायले आयकू तरी जाते का?"

आफ्रीनने दोन्ही हातांनी मागे सरकण्याची खूण केली. अध्यक्षांना वाटलं, पोरगी टाटा करते आहे. त्यांनीही हसून हात हलवला आणि पुन्हा रेटा दिला.

तेवढ्यात प्रेक्षकांतून एक म्हातारा ओरडला, "भाषन झालं समजा! नाटक चालू करा!"

आंबेटोल्यात अशी टाळी कुणी कधी ऐकली नव्हती. लटारूभाऊंनी अल्लाची आणि नटराजाची एकदमच आठवण काढली आणि ऑर्गनवाल्याला खूण केली. नाटक सुरू झालं, स्टेजवर भरलेलं विमान तसंच ठेवून!

आशाबाई आईचं काम करत होत्या. पहिल्या अंकाच्या शेवटी त्या विमानापुढे येऊन ओक्साबोक्शी रडल्या, "आतातरी ये रे बाबू!" हाक काही गाद्यांतून आत पोचली नाही, पण खिडकीतून आतल्यांना त्यांचे रडणारे डोळे दिसत होते. मग आत जे झालं ते पियुषने नंतर सांगितलं. तो शेपटीतून ओरडला, "सरका नं बाप्पा! माही माय रडून राह्यली!" उभ्या जन्मात कुणासाठी मागे न सरकलेली ती माणसं त्या मायसाठी गपचूप मागे सरकली. दार अलगद, कुरकूर न करता आत उघडलं आणि पियुष गर्दीतून वाट काढत "आई!" म्हणत धावला. अख्खी मंडई रडली.

मध्यंतरात अध्यक्षांच्या हातात माईक दिला. त्यांनी डोळे पुसले. "भाषन राहू द्या. इतक्या वर्सात पह्यल्यांदा नाटक पाहून राह्यलो. पुढं मायचं काय होते ते पाहाचं हाय." आणि एका घोंगडीवर जागा करून घेऊन बसले.

खुर्शीदमिया आफ्रीनचा हात धरून स्टेजच्या कडेला उभे होते. छाती अशी फुगली होती की सदऱ्याची बटणं ताणली होती. लटारूभाऊ आले, घसा खाकरला, पण बोलायच्या आधीच शेजारच्या गावचे मंडळवाले घाईघाईने आडवे आले.

"भाऊ, आमची तारीख पक्की करा. आमच्याइथी पाहुने लय हायत."

"करू नं. विमान आनतोच," लटारूभाऊ म्हणाले.

"विमान नाई आनलं तरी चालते भाऊ," ते म्हणाले. "फक्त दार आना."