भोंगेवाले जावई

"शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही शब्दन् शब्द ऐकू येईल!" जावईबापूंनी छाती फुगवून जाहीर केलं. "आणि स्पीकरच्या मागे? शुकशुकाट! आवाजाला दिशा द्यायची म्हणजे अक्कल लागते."

अक्कल हा शब्द ऐकून सासूबाईंनी त्यांना नुसतं वर-खाली न्याहाळलं. मुख्याध्यापिका म्हणून आज त्यांचा निरोप समारंभ होता. जावयाच्या साउंड सिस्टीमच्या धंद्याला त्या लग्नापासून 'भोंगे' म्हणत आल्या होत्या. आज तरी त्यांच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द निघावा, एवढ्यासाठी हा गडी सकाळपासून शिडीवर चढून स्पीकरची तोंडं फिरवत होता.

भाषण सुरू झालं आणि मागून ओरड आली, "आवाज! आवाज!" घरात भिंती हादरवणाऱ्या सासूबाई माईकसमोर चक्क कुजबुजत होत्या! जावयांनी माईकचा गेन, म्हणजे आवाज ओढून घ्यायची ताकद, वाढवला. आणखी वाढवला. आता मुंगी शिंकली असती तरी सभागृहात ऐकू गेली असती. एवढं करून शिट्टी वाजली नाही, म्हणून स्वारी स्वतःवरच खूश!

सासूबाई पाणी प्यायला थांबल्या. ग्लास उचलताना हात लागून माईक वळला, तो नेमका स्पीकरमागच्या, जावयांच्या बटणांच्या टेबलाकडे. तिथे जावई मेहुण्याला सांगत होते, "घरी यांना गेन लागतो का रे कधी? आवाज कमी करायचं बटणच देवानं बसवलेलं नाही!"

सभागृह खदखदून हसलं.

"आईनं विनोद केला वाटतं," मेहुणा म्हणाला. "इथे काही कळत नाही."

"शुकशुकाट म्हणालो होतो ना! पण यांना आणि विनोद? अरे, त्या शेवटच्या हसल्या माझ्या लग्नात. तेही फोटोवाल्यानं हात जोडले म्हणून!"

छप्पर उडेल असा हशा झाला. पहिल्या रांगेतली बायको जिवाच्या आकांतानं हात वर-खाली करत होती. बंद करा, असं तिचं म्हणणं. "वाढवा म्हणतेय," असं म्हणत जावयांनी गेन आणखी पिळला. "अजून अर्धा तास बोलणार बघ. गेन देईन, पण सहनशक्ती कुठून आणू?"

सासूबाईंनी ग्लास शांतपणे खाली ठेवला. माईक बाजूला सारला आणि आपल्या घरच्या आवाजात म्हणाल्या,

"जावईबापू! मानलं हो तुम्हाला! शेवटच्या रांगेपर्यंत एकेक शब्द पोचला!"

हे मात्र स्पीकरच्या मागेही स्वच्छ ऐकू आलं.

कौतुक अखेर पदरात पडलं. ते घ्यायला जावई तेवढे जागेवर नव्हते. टेबलाखाली कसलीशी वायर सुटली होती म्हणे.