रंगनाथभाऊंची रविवारची लढाई

वडीगोद्रीला हमरस्त्याच्या कडेला रंगनाथभाऊंचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. त्या दुकानासमोर रिकामं उभं राहायची सोय नाही. मी एकदा अंबडच्या बसची वाट बघत तिथे सावलीला थांबलो, तर दोन मिनिटांत माझ्या हातात ठिबकच्या नळीचं एक टोक आलं आणि दुसरं टोक घेऊन भाऊ मागे मागे जायला लागले. "सर, हालू नका. मोजून राह्यलो." बस आली आणि गेली. मी काही हललो नाही.

"रिकामा माणूस दिसला की मपल्या पोटात गोळा येतो," असं ते म्हणतात. खरंच येत असावा. हे गृहस्थ चहासुद्धा येरझारा घालत पितात. आणि हा आजार त्यांना आईबापांकडून आलेला नाही, कॉम्प्युटरवरच्या एका लढाईच्या खेळातून आलाय.

आता हा खेळ काय, ते मला जसं समजलं तसं सांगतो. यात बुद्धिबळासारखी पाळी नसते. तुम्ही डोकं खाजवत बसलात तरी शत्रू थांबत नाही. सुरुवातीला दोन-चार गावकरी मिळतात. त्यांना धान्याला लावायचं, लाकडाला लावायचं, घरं बांधायची आणि मग लष्कर उभं करायचं. एक गावकरी जरी रिकामा राहिला तरी पुढची लढाई हातची गेली. शिवाय सगळा नकाशा काळा असतो, माणूस जिथवर जाऊन येईल तेवढाच उजळतो. यामुळे भाऊंच्या गाडीत बसून टेंभुर्णीला जेवायला जाणं ही मोठी चूक ठरते. "हिकडं काय हाय ते पाह्यलं न्हाई आपण, काळंच राह्यलं हे," असं म्हणत ते दिसेल त्या फाट्याला गाडी वळवतात. गेल्या खेपेला आम्ही पोचलो तेव्हा पातेली घासायला गेली होती.

खेळाचे भाग निघाले तीन-चार, आणि भाऊ त्यांचा इतिहास एखाद्या राजघराण्यासारखा सांगतात. "पहिल्या भागातली माणसं येडी होती, सर. वाटंत एकमेकाला आडवी यायची आन् तिथंच उभी! दुसऱ्या भागात फाटक आलं, घंटा आली. घंटा वाजली की सगळे पळत घरात. वा!" तिसऱ्या भागाचा विषय काढला की ते नावडत्या जावयाबद्दल विचारल्यासारखे गप्प होतात. पुढे म्हणे बनवणारी मंडळी पांगली, खेळ म्हातारा झाला, पण खेळणारे हटेनात. जगभरच्या लोकांनी आपापल्या घरी बसून दुसऱ्या भागाची डागडुजी केली, इतकी की शेवटी कंपनीला तोच नवा रंग लावून परत विकावा लागला. हे सांगताना भाऊंच्या येरझारासुद्धा थांबतात. "तुमच्या शाळंतली पोरं मोबाईलवर गावं बांधतेत न्हाई का, ते सगळं ह्याच्याच पोटचं हाय!"

पोरांचं जाऊ द्या, खुद्द भाऊंवर काय परिणाम झाला ते मी त्यांच्या पुतणीच्या लग्नात पाहिलं. पंगतीची व्यवस्था त्यांच्याकडे होती. "रंगावरून आपला माणूस वळखू आला पाहिजे," म्हणून त्यांनी आपल्याकडच्या सगळ्यांना केशरी फेटे बांधले. खेळात तसंच असतं, एका बाजूचा रंग एक. नवरदेवाकडच्यांनीही त्याच फेटेवाल्याला केशरीच सांगितले होते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. खुर्चीत एक जाडसर गृहस्थ निवांत बसलेले दिसले आणि भाऊ कडाडले, "रिकामा का हाईस रे? ऊठ, ते पाण्याचे जार उचल जल्दी!" भाऊंचा आवाजच असा, की त्या माणसाने दोन जार खरोखर वाहिले. तिसऱ्याला त्याला आठवलं, आपण नवरदेवाचे मामा आहोत. मग जो रुसवा झाला! भाऊ हात जोडून उभे राहिले, आणि माफी मागता मागता त्यांनी मामांच्या हातात विड्यांचं ताट दिलं. "येवढं त्या पंगतीत फिरवून या, तवर मी तुमच्या ताईसायबाला समजावतो."

असा हा माणूस. गेल्या रविवारी दुपारी त्यांच्या बायकोने, वहिनींनी, मला घरी बोलावून घेतलं. स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाल्या, "सर, तुम्ही तरी ह्यांच्याशी बोला. मयुरी पुढच्या महिन्यात कॅनडाला चाल्ली, नोकरीला. ह्यांनी अजून तोंडातून शब्द काढला न्हाई. फोन आला की 'जेवलीस का?' आन् 'घे, आईशी बोल.' बापलेकीचं जे काय बोलणं हाय ते रविवारच्या खेळातलं. तिकडं गेल्यावर तेबी बंद होतंय का काय, म्हणून मनातल्या मनात कुढून राह्यलेत."

मयुरी ही त्यांची एकुलती एक. भाऊ पूर्वी जालन्यात कॉम्प्युटर क्लास चालवायचे, तेव्हा ही पोर त्यांच्या मांडीवर बसून खेळातल्या मेंढ्या गोळा करायची. क्लास बंद पडला, मुलगी पुण्याला गेली, पण रविवारची दुपार दोघांनी सोडली नाही. ती तिकडून, हे इकडून, एकाच बाजूने लढतात.

मी आत गेलो. स्पीकरवर मयुरीचा आवाज येत होता. "पप्पा, धान्य आहे का तुमच्याकडे?"

"हाय ना. पाठवून राह्यलो. पोटभर घे."

"अहो, सगळं नका पाठवू! तुम्हाला?"

"मला काय लागतंय?"

मी समजूत घालायला गेलो होतो, पण हे ऐकून मलाच भरून आलं. माझा मुलगाही नाशिकला असतो. आमच्यात एवढंही बोलणं होत नाही. मी गुपचूप पलंगावर बसलो.

लढाई जिंकल्यातच जमा होती. शत्रूचं एकच घर उरलं होतं आणि भाऊंचं लष्कर त्याला वेढून उभं होतं.

"पप्पा, पाडा ना ते."

"थांब जरा."

"कशाला थांबायचं?"

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"तिकडं गेल्यावर..." भाऊ अडखळले. "तिकडं गेल्यावर टाइम जुळंल का गं आपला?"

मग मयुरी म्हणाली, "आपली दुपार म्हणजे तिकडची पहाट, पप्पा. मी उठेन."

"ही उठती!" वहिनी पदराने डोळे टिपत पुटपुटल्या. "दहावीच्या पेपरला पाणी मारून उठवली होती."

"न्हाई, न्हाई," भाऊ घाईघाईने म्हणाले. "तू पहाटं उठायचं न्हाई. थंडी असती तिकडं. तू झोप पुरी कर. मी हिकडं रातच्याला बसत जाईन."

"तुम्हाला सकाळी दुकान असतं ना?"

"दुकान कुठं पळून चाल्लंय का?"

"मग नक्की ना पप्पा? दर रविवारी?"

"बिलकुल नक्की," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी ते शेवटचं घर पाडलं.