मामीच्या मेंढीचं दूध

मेंढवाड्यात मेंढ्या एकेचाळीस, मेंढे तीन, धार काढायचा ओटा एक, मोजपात्रं दोन, मामा एक आणि जनुकशास्त्राची पदवीधर एक, म्हणजे मी. मामी नव्हती. ती हिवाळ्यात गेली, म्हणून आईने मला मामाच्या मदतीला धाडलं होतं.

"दोन वर्षांत दूध दीडपट करून दाखवते," मी पहिल्याच जेवणाला जाहीर केलं.

"आधी ताटातलं संपव," मामा म्हणाला.

योजना सोपी होती. मामाने धार काढायची, मी मोजायचं. कमी दूधवाल्या विकायच्या. सर्वांत जास्त देणारीचा मुलगा कळपाचा बाप करायचा. मेंढ्याला दूध येत नाही, पण दुधाचे गुण त्याला आईकडूनही मिळतात आणि त्यातले निम्मे तो लेकींना देतो. म्हणून मेंढा निवडताना त्याची आई बघायची.

"माणसांतही तसंच बघतात," मामा म्हणाला.

एक म्हातारी, लंगडी मेंढी मामीने बाटलीवर वाढवलेली. ही आधी विकावी लागणार, असं मी मनाशी धरलं होतं. मोजपात्रात बघते तर दोन लिटर!

"हिला खायला काय घालतोस?"

"सगळ्यांना तेच," मामा दुसरीकडे बघत म्हणाला.

मला घबाडच सापडलं. तिचा मुलगा म्हणजे उघड्या दाराशेजारच्या भिंतीवर डोकं आपटणारा प्राणी. मी त्याला कळपाचा बाप केलं. वर अशी फुशारकी मारली की तीन शेजारीही त्याला न्यायला आले. बिचारा इतका राबला, की उभा राहायला खांब शोधायचा. आमचं दूध घेणाऱ्या चीजवाल्याने मोठी कढई आणली.

लेकी जन्मल्या, वाढल्या, व्याल्या. पहिलीचं दूध अर्धा लिटर. दुसरीचं त्याहून कमी. शेजाऱ्यांचे फोन सुरू झाले. चीजवाला दारात येऊन म्हणाला, "ताई, कढईत आता मी आंघोळ करू का?"

मी सगळे आकडे पुन्हा तपासले. "मामा, मेंढा बदलला तर नाही ना?"

मामा ओट्यावर बसला. "मेंढा तोच आहे गं. दूध तिचं नव्हतं."

"म्हणजे?"

"तू मोजायच्या आधी बाकीच्यांचं थोडं थोडं हिच्या भांड्यात ओतायचो. तू कमीवाल्या विकणार होतीस. तुझी मामी शेवटचं बोलली ते हिच्याबद्दल. माझ्याबद्दल अक्षर नाही. म्हणाली, हिला सांभाळा."

"मग मेंढा निवडला तेव्हा तरी सांगायचं."

"किती खुश होतीस तू. घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसत होतं."

मी तिन्ही शेजाऱ्यांकडे जाऊन माफी मागून आले. मेंढा विकला, त्याच्या लेकीही विकल्या. ट्रक भरत होता तेव्हा मामा मामीच्या मेंढीच्या गळ्यातली दोरी धरून उभा होता.

"आणि ही?"

"हिला आत ने," मी म्हटलं.

आता रोज तीच आधी ओट्यावर चढते. मामा हात धुऊन तिची कास पुसतो, मी खाली मोजपात्र धरते.

आजचं दूध: शून्य मिलिलिटर.