डोळा ऱ्हायलाय

नाना लाकडाला रडू देत नसत. रोह्यात आमचं नवं घर बांधून झालं आणि चौकटी रंगवायला ते आले, तेव्हा पहिले दोन दिवस त्यांनी रंगाचा डबा उघडलासुद्धा नाही. एकेका चौकटीपुढे उकिडवं बसायचं, लाकडातली गाठ शोधायची, तिच्यावर अंगठा दाबायचा आणि पुटपुटायचं, "गप. गप ऱ्हा." मग तिच्यावर लाखेचा हात फिरवायचा. माझी बायको सुलभा मला आत घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "अहो, हे बरे आहेत ना?"

मी नानांनाच विचारलं.

"सायेब, गाठ म्हंजे लाकडाचं जुनं दुखनं. तिला आधी गप नाय केली, तर ती रंगातनं चीक काढते. वर्सानं पिवळा डाग दिसंल, मग तुमी नानाच्या नावानं ओरडाल."

मी धाटावच्या एका कंपनीत शिफ्ट सांभाळणारा माणूस. मला प्रत्येक गोष्ट वेळेत संपलेली आवडते. नानांना कुठलीच गोष्ट संपलेली आवडत नसे. फटी बुजवायची लांबी मी दुकानातून तयार आणली, तर त्यांनी ती हुंगली आणि डबा बाजूला सारला. खडूची पूड आणि अळशीचं तेल घेऊन स्वतः मळायला बसले, तेही सुलभाच्या पोळपाटावर. वर तिलाच म्हणाले, "वैनी, तुमी नवा घ्या. ह्यो आता माजा." लांबी सुकली की पॉलिश पेपरने घासायचे, आणि गुळगुळीत झालं का ते बघायला चौकटीला चक्क गाल लावायचे. मी घाई केली की एकच उत्तर, "घाई कंपनीत करा."

वास्तुशांत जवळ आली होती. माझ्या डोक्याचा भुगा झाला होता.

नाना मूळचे हमरापूरचे. घरात गणपतींचा कारखाना. मूर्तीचं सगळं रंगकाम झाल्यावर शेवटी डोळे काढतात, त्याला ते लोक आखणी म्हणतात. ती आयुष्यभर नानांनीच केली. पुढे हात कापायला लागला. एका वर्षी एक गिऱ्हाईक मूर्ती परत घेऊन आलं, देव तिरळा बघतो म्हणून. तेव्हा त्यांचा मुलगा दिनेश म्हणाला, "नाना, तुमी आता उंदीर रंगवत जा."

हे नानांनीच मला सांगितलं, चहा पिता पिता. मला आधी हसू आलं, मग माझीच लाज वाटली. नाना त्याच दिवशी कारखान्यातून उठले ते गडब गावी बहिणीकडे राहायला गेले. दोन वर्षं झाली, बापलेकांचं बोलणं नव्हतं.

अखेर शेवटचा हात फिरला आणि घर उजळलं. पण बघतो तर प्रत्येक चौकटीवर माणसाच्या नजरेच्या उंचीला अंगठ्याएवढा ठिपका कोराच. खालचं गुलाबी अस्तर तसंच दिसत होतं. मोजले, अकरा चौकटींवर अकरा ठिपके. जणू घराला गोवर आला होता.

"नाना, हे काय?"

"डोळा ऱ्हायलाय."

"चौकटीला कसला डोळा?"

"डोळा शेवटी काढायचा. दिनेशला बोलवा, सायेब. त्याच्यासमोर काढीन. माजा हात बघू दे त्याला."

कारखान्यात फोन मीच केला. एकदा नव्हे, चार वेळा. चौथ्यांदा तो येतो म्हणाला.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी सकाळी दिनेश मोटारसायकलवर आला. चाळिशीचा, वडिलांसारखाच रुंद खांद्यांचा. दारातच म्हणाला, "पाच मिन्टं हायेत. सीझन हाय." हेल्मेट त्याने काढलंच नाही.

नानांनी बारीक ब्रश घेतला. पुढच्या दाराची चौकट. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, श्वास रोखला. ब्रश टेकला आणि थरथरला. रंगाचा एक ओघळ खाली उतरला. सुलभा आत निघून गेली. मला कुठे बघावं ते कळेना.

नानांनी चिंधीने ओघळ पुसला आणि ब्रश मुलापुढे धरला. "तू काढ."

दिनेशने हेल्मेट काढून खाली ठेवलं. पहिला ठिपका भरला, मग दुसरा. नाना रंगाची वाटी धरून मागे मागे फिरत होते.

"हितं पातळ घे."

"व्हय."

"वरनं खाली."

"म्हायीत हाय, नाना."

एवढंच बोलणं. पण खोल्यांमागून खोल्या झाल्या, दोनदा चहा झाला, जेवायची वेळ झाली. सुलभाने दोघांना शेजारी शेजारी वाढलं. दिनेशने आपल्या पानातली सुरमईची तुकडी काटे काढून नानांच्या पानात ठेवली. नानांनी मान वर केली नाही, भरभर खाल्ली.

निघताना दिनेश घुटमळला. वाटलं, आता 'चला घरी' म्हणेल. तो म्हणाला, "तब्येत सांबाळा," आणि गाडीला किक मारली. यंदाही मूर्तींची आखणी नाना सोडून दुसराच कोणीतरी करणार, हे नानांसकट आम्हा तिघांनाही समजलं.

नाना ओट्यावर ब्रश धूत बसले. माझा राग मात्र धुमसत होता. मुलावर, आणि थोडा नानांवरही. मी म्हणालो, "नाना, हातच दाखवायचा होता तर एक चौकट पुरली असती. अकरा कशाला ठेवल्यात?"

"हात गेलाय त्ये मला म्हायीत नाय व्हय, सायेब?" ब्रशचे केस बोटांनी सारखे करत ते म्हणाले. "एकच ठेवली असती, तर पोरगा पाच मिन्टांत गेला असता."