वज्रदेही व्यायामशाळेचे नाडीयंत्र

निरोगी राष्ट्राला निरोगी हृदय लागते आणि निरोगी हृदय मोजायला यंत्र लागते, हे थोर सत्य अमरावतीच्या वज्रदेही व्यायामशाळेला स्थापनेनंतर चांगल्या एका पिढीने कळले. सत्याचे असेच असते, ते सवडीने कळते. (काही सत्ये तर कायदा झाल्यावरच कळतात.)

तोवर तिथे नाडी हाताने मोजत. दर शनिवारी मारुतीपुढे नारळ फुटला की पोरे जोर-बैठका मारून रांगेत उभी राहत आणि चिटणीस मोरोपंत वकील एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात पोराचे मनगट धरून डोळे मिटत. मग "ठणठणीत" म्हणत आणि तळहातावर खोबरे ठेवत. मोरोपंतांची बोटे म्हणजे काय सांगावे महाराज! चोरून ओढलेली बिडी त्यांना मनगटावरून कळे. पार मोर्शीपर्यंतचे पहिलवान त्यांच्या बोटांना मानत.

देवमन सभासद झाला तो या बोटांच्या कीर्तीमुळेच. पोरगा नांदगाव खंडेश्वरचा, मॅट्रिक पास, अंगाने लोखंड. बाप डोमाजी अमरावतीत कापसाच्या जिनात हमाली करी. छप्पन साली घर बौद्ध झाले. व्यायामशिक्षकाच्या शिक्षणक्रमाला देवमनचा नंबर लागला होता. आता फक्त व्यायामशाळेचा दाखला हवा होता, त्यावर चिटणिसांच्या सहीने नाडीचा आकडा हवा होता, आणि तो पोळ्याच्या आत हवा होता. कागद वेळेवर गेला तर देवमन मास्तर, नाहीतर बापाशेजारी पाठीवर रुईची गाठ.

त्याला प्रवेश देताना मोरोपंतांनी समतेवर भाषण केले. ते इतके चांगले झाले की त्यांचे त्यांनाच भरून आले. जोर मारायला देवमनला अगदी कोपऱ्यातली जागा देण्यात आली. (तिथे वारा चांगला लागतो.)

पहिल्या शनिवारी रांगेत त्याची पाळी आली. त्याने मनगट पुढे केले. मोरोपंतांनीही हात पुढे केला. त्यांच्या मनात काही नव्हते, अगदी मारुतीची शपथ. पण हात जो निघाला तो मध्येच वळला आणि घड्याळाला किल्ली देऊ लागला. घड्याळ बंद पडलेले दिसते, असे मोरोपंत म्हणाले. त्याची टिकटिक साऱ्या रांगेला ऐकू येत होती. खोबरे मात्र देवमनला मिळाले. ते वरून पडले, पण नेमके तळहातावर पडले.

त्याच आठवड्यात कार्यकारी मंडळाच्या ध्यानात आले की हाताने नाडी मोजणे अशास्त्रीय आहे. इतकी वर्षे ते शास्त्रीय होते, पण शास्त्र पुढे जाते त्याला कोण काय करणार? नाडीयंत्र घेणे फायद्याचे आहे काय, हे ठरवायला समिती बसली. अध्यक्ष कापसाचे अडते भगवंतराव, सदस्य हरिहरबुवा पुरोहित आणि मोरोपंत स्वतः. यंत्राच्या बाजूने समितीला असे आढळले की यंत्र पक्षपात करीत नाही, यंत्र थकत नाही आणि यंत्राला घरी जाऊन अंघोळ करावी लागत नाही. विरुद्ध बाजूने असे आढळले की ते महाग आहे. यंत्र नाडी बरोबर मोजते की नाही, हा प्रश्न वेळेअभावी राहून गेला, कारण सगळा वेळ वायरच्या लांबीवर गेला. अकोल्याच्या जुन्या शहरातला दुकानदार म्हणाला, वायर हातभर असते. समिती म्हणाली, कुस्तीच्या हौदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत हवी. रोगी साथीचा आहे काय, असे त्याने काळजीने विचारले. समितीने कळवले, नाही, ठणठणीत आहे.

यंत्र येईपर्यंत समतेच्या तत्त्वाला अनुसरून कोणाचीच नाडी मोजायची नाही असे ठरले. (बाकीच्या पोरांची मनगटे मोरोपंत जाता-येता धरत. पण ते काही मोजणे नव्हे, ती माया.)

पोळा जवळ आला तसा देवमन मोरोपंतांच्या ओट्याखाली येऊन उभा राहिला. वर ये असे मोरोपंत म्हणणारच होते, पण पत्नी अनसूयाबाई आत स्वयंपाकात होत्या. त्या काही म्हणाल्या नसत्या. पण न म्हणता त्या बरेच काही म्हणत.

"वकीलसाहेब, माही नाडी पाहून द्या," देवमन म्हणाला. "यंत्र कावून पाहिजे? दोन बोटं त ठेवाची हायेत."

"दोन बोटांचा प्रश्न नाही रे बाबा," मोरोपंत कळवळून म्हणाले. "शास्त्राचा प्रश्न आहे."

त्यांना खरोखरच वाईट वाटत होते. त्या रात्री त्यांना भाकरी गोड लागली नाही.

अखेर पोळ्याच्या तोंडावर दुकानदाराने यंत्र परीक्षेसाठी पाठवले. काळी पेटी, काचेत सुई, आणि खास जोडलेल्या लांबलचक वायरच्या टोकाला अंगठ्याला लावायचा चिमटा. पहिला मान देवमनला देण्यात आला. (नवे यंत्र, शॉक बसण्याचा संभव होता.) त्याने आपल्या हाताने चिमटा लावला. सुई डुलली आणि सत्तरावर थांबली. टाळ्या पडल्या. मोरोपंतांनी तर आनंदाने लेखणी उघडली.

तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, एका अंगठ्यावरून यंत्राची पारख होत नसते, दुसरा अंगठा पाहिजे. सर्वांनी आदराने अध्यक्षांच्याच अंगठ्याकडे पाहिले. भगवंतरावांनी अंगठा पुढे केला, चिमट्याकडे पाहिले आणि त्याच अंगठ्याने कान खाजवायला सुरुवात केली. तेव्हा हरिहरबुवा धावून आले. यंत्राच्या आरोग्यासाठी, म्हणत त्यांनी चिमट्यावर गोमूत्र शिंपडले, मग वायरवर, आणि अर्धवट काम नको म्हणून उरलेले पेटीच्या फटीत ओतले. पेटी चर्र वाजली. सुई शून्यावर गेली ती गेलीच.

समितीचा निर्णय त्याच बैठकीत झाला. सदर यंत्र एका सभासदावर चालले व इतर कोणावरही चालले नाही, सबब ते सर्वांच्या उपयोगाचे नाही, घेऊ नये. बिघडलेल्या यंत्राचा आकडा दाखल्यावर घालणे सचोटीला धरून नाही, सबब दाखला देता येत नाही. नाडी पूर्वीप्रमाणे हातानेच मोजावी. मात्र चिटणिसांचे घड्याळ दुरुस्त झाल्यावर.

देवमनने निर्णय ऐकून घेतला. मग स्वतःच्या मनगटावर स्वतःची दोन बोटे ठेवली.

"माही चालू हाये, साहेब," तो म्हणाला. "तुमची पाहून घ्या."

पोळ्यानंतर तो जिनाच्या फाटकात रुईची गाठ उचलताना मोरोपंतांना दिसला. मोरोपंतांनी रस्ता बदलला. घरी येऊन त्यांनी आपले मनगट चाचपले, पुन्हा पुन्हा चाचपले, पण इतक्या वर्षांच्या सरावाच्या बोटांना नाडी काही सापडेना. बोटेच बधिर झाली असावीत, असे त्यांनी अनसूयाबाईंना सांगितले.

वाचकहो, तुम्ही हसलात हे बरे केले, हसणे हृदयाला चांगले. आमच्याकडे असले काही नाही, असेही तुम्ही म्हणाल, आणि ते खरेच असणार. तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईला तर तुम्ही रोज चहासुद्धा देता. तिची ती कान तुटलेली कपबशी खिडकीत वेगळी पालथी घातलेली असते, तीही शास्त्रीय कारणानेच असेल. ते कारण शोधायला तुमच्या घरी समिती कधी बसली होती, एवढेच तेवढे सांगा.